आमची वाटचाल : मखराची खाच

मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली. मखरांना निदान त्या गणपतीपुरती सूट मिळावी म्हणून थर्माकोलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये तिथेही नकार मिळाला. आमच्या शेडमधून तोवर नेमप्लेट, ट्रॉफ्या आणि रुखवतातल्या वस्तू निघत होत्या. मशीन 100 वॉटचं सीओटू लेसर कटर, माल ठेवायचा बेड 1300 × 900 मिमी. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या, मखरांचं काम सुरू झालं ते तेव्हापासून.

8 बाय 4 फुटांची शीट या बेडवर मावत नाही. टिंबर मार्केटमध्येच ती आडवी तीन तुकड्यांत कापून घेतो, 1220 × 813 मिमीचा एक तुकडा पडतो. कमान, खांब, जाळी, कळस सगळं याच मापात बसवायचं. नेस्टिंग करताना, म्हणजे शीटवर भाग मांडताना, कापायचा क्रम आतली जाळी आधी आणि बाहेरची रेघ शेवटी. उलट केलं तर सुटलेला तुकडा हलतो आणि जाळी सरकून कापली जाते.

खरं काम खाचेचं आहे, म्हणजे एका भागाची जीभ (टॅब) दुसऱ्याच्या ज्या फटीत बसते तिचं. 3 मिमी म्हणून मिळणारी शीट व्हर्नियरवर बहुतेक वेळा 2.7 ते 2.8 भरते. त्यात लेसर स्वतः साधारण 0.2 मिमी माल जाळतो. म्हणजे 2.8 च्या शीटसाठी 2.8 चीच खाच काढली तर ती 3.0 ची होते आणि मखर डुगडुगतं. काढायची 2.6, घट्ट हवी तर 2.55. रंग देऊन जोडणार असाल तर प्राइमर आणि रंगाचे थर वेगळे मोजा, नाहीतर टॅब आत जात नाही. मग लोक हातोडी घेतात आणि एमडीएफचा पापुद्रा सुटतो. आम्ही टॅबवर मास्किंग टेप लावूनच रंग मारतो.

सुरुवातीला या खाचा कोरल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढत होतो. नंतर सगळं मॉडेल फ्यूजन या आकड्यांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं. जाडी, केर्फ (लेसर जाळतो तेवढी रुंदी), मखराची उंची आणि रुंदी हे पॅरामीटर. शीटचा नवा लॉट आला की जाडीचा एक आकडा बदलायचा, सगळ्या खाचा आपोआप बदलतात.

2019 च्या हंगामात याच मखराची नक्कल बाजारात आली, आमच्या निम्म्या भावाला. आमचा एक नग विकत घेऊन, सुटा करून, स्कॅन केला होता आणि कोरलमध्ये ट्रेस मारला होता. हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. हवा खेळती राहावी म्हणून आमच्या मागच्या फळीत डाव्या खालच्या कोपऱ्यात एक लांबट भोक असतं. ते भोकसुद्धा जसंच्या तसं होतं. ट्रेस केलेल्या रेघेवर नोड, म्हणजे रेघ जोडणारे बिंदू, दाटीने पडतात, लेसरचा हेड प्रत्येक नोडपाशी मंदावतो आणि कड काळी पडते. कमानीच्या वळणावर ते काळे ठिपके स्पष्ट दिसत होते. तरीही ज्या दुकानदारांना आम्ही नमुने उधार दिले होते त्यांनीच ऑर्डरी रद्द केल्या. कापून ठेवलेला माल पावसाळी हवेत पडून राहिला, त्याच्या कडा फुगल्या. मशीनच्या कर्जाचे हप्ते थकले. कोणीही एकदा फोन करून ‘हे डिझाइन तुमचं ना?’ एवढं विचारलं नाही. ते आजही खुपतं.

त्या वर्षी पेणच्या एका मूर्तिकार काकांनी मात्र आमच्याकडचीच मखरं घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ‘मखर हललं तर मूर्तीला धोका, आणि मूर्ती माझी आहे.’ माप कसं घ्यावं हेही त्यांच्याकडूनच शिकावं. मूर्तीची नुसती उंची ते कधी सांगत नाहीत. पाटासकट मुकुटाच्या टोकापर्यंत, दोन्ही हातांमधला सर्वांत रुंद भाग आणि सोंडेपासून मागच्या प्रभावळीपर्यंतची खोली, अशी तीन मापं देतात. वर तीन इंच मोकळे सोडायला लावतात, हार घालताना हात जायला हवा म्हणून.

2020 मध्ये सरकारने घरगुती मूर्ती 2 फुटांपर्यंत आणि मंडळांची 4 फुटांपर्यंत ठेवायला सांगितली. सगळ्यांना लहान मखर हवं झालं. नक्कलवाल्यांनी फाइल 80 टक्क्यांवर आणली, तेव्हा खाचही लहान झाली: 2.6 ची 2.08. कापल्यावर फार तर 2.28, आणि शीट तीच 2.8 ची. ते भाग जोडले जाणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे उंचीचा आकडा बदलला, जाडी होती तिथेच राहिली. रद्द झालेल्या ऑर्डरींपैकी बऱ्याच त्या श्रावणात परत आल्या. पुढची वर्षं ठीक गेली.

नवीन मशीन घेणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लेसरची ट्यूब थंड ठेवायला बादलीतल्या पाण्यावर चालवू नका, पाणी गार करणारा चिलर घ्या. सनबोर्ड कापून द्या म्हणून कितीही ओळखीचा माणूस आला तरी नाही म्हणा; तो पीव्हीसी आहे, त्याच्या धुरातलं आम्ल फुप्फुसात जातं आणि मशीनच्या रेल गंजवतं. देवनागरी नेमप्लेट कापताना शिरोरेखा अक्षरं धरून ठेवते, पण अनुस्वार आणि चंद्रबिंदू सुटून खाली पडतात. ते पातळ पट्टीने रेघेला जोडा किंवा मागे अॅक्रिलिक द्या. फाइल देण्याआधी डबल रेघा काढून टाका, एकाच जागी दोनदा बीम फिरला की कड कोळसा होते.

आता फाइल विकतो तेव्हा सोबत एक चाचणीपट्टी देतो: 2.40 पासून 3.00 पर्यंत, 0.05 च्या फरकाने खाचा, प्रत्येकीखाली आकडा कोरलेला. तुमच्या शीटवर, तुमच्या मशीनवर ती आधी कापा. अंगठ्याने दाबल्यावर शीटचा तुकडा ज्या खाचेत जाऊन बसतो आणि पट्टी उलटी धरली तरी गळत नाही, तो आकडा आम्हाला कळवा. फाइल त्याच मापाची करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.