तुलांबेन: गोट्यांवरून थेट समुद्रात

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेनला स्कूबासाठी बोट लागत नाही. पाठीवर सिलिंडर चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. आता चालायचं म्हणजे कशावरून, तर आगुंग ज्वालामुखीच्या काळ्या, गोल, गुळगुळीत गोट्यांवरून! लाट ओसरली की ते खडखडत पायाखालून सरकतात. सिलिंडर काठापर्यंत आणायला तिथल्या बायका आहेत. त्या ते डोक्यावर घेऊन याच दगडांवरून सहज चालतात. मी रिकाम्या हातानेही जपून पावलं टाकत होते.

गाइडने आधीच बजावलं होतं की जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्सच (पायात घालायचे पोहण्याचे पंख) घ्या. पाण्याशी येताच बीसीडीत, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटात, हवा भरायची, मास्क चढवायचा, सिलिंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरायचा. मग पडलं तरी श्वास सुरू राहतो आणि माणूस तरंगतो. मोठ्या लाटा एकामागोमाग येऊन गेल्या की जरा उसंत मिळते. तेवढ्यात पाय न उचलता, घासत घासत पुढे सरकायचं. कंबरभर पाण्यात बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, खांद्याला धरून फिन्स चढवले आणि लाटांच्या पलीकडे गेल्यावर सगळा गोंधळ एकदम थांबला.

खाली काळ्या वाळूचा उतार. त्यात शेपटी रोवून उभ्या गार्डन ईल्स, म्हणजे सापासारखे बारीक मासे. जवळ गेलं की त्या एकेक करून बिळात गडप होतात. पुढे जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं अमेरिकेचं हे मालवाहू ‘लिबर्टी’. ओढून नेताना फार पाणी शिरू लागलं, म्हणून ते इथे किनाऱ्याला लावलं. १९६३मध्ये आगुंगचा उद्रेक झाला आणि हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. काठावर माझे पाय लटपटवणारा ज्वालामुखी तो हाच! सुमारे १२० मीटर लांबीचं हे धूड काठाला समांतर आडवं पडलंय. वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर, तळ तिसाच्या आसपास. सगळ्या लोखंडावर पोवळी आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराची पोवळी) वाढलेत. टॉर्च जरूर न्या. खोलवर लाल रंग दिसेनासा होतो. मला मातकट वाटलेला एक पंखा प्रकाश पडताच लालभडक निघाला.

परतताना पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, उतारावरच होतो. नुसतं लटकून राहावं लागत नाही, समोर मासे असतात. बाहेर येताना मात्र रेग्युलेटर काढायची घाई नको. उथळ पाण्यात फिन्स काढून बडीच्या हाती दिले आणि शेवटचे दोन-तीन हात सरळ रांगत आले. दिसायला ते कसंही दिसो, गुडघे शाबूत राहिले.

त्याच दिवशी दक्षिणेकडे परतायचं असेल तर किंतामणीचा घाट टाळा. तो रस्ता सुमारे दीड हजार मीटर उंचीवर चढतो आणि डाइव्हनंतर लगेच उंची गाठणं धोक्याचं. आम्ही अमलापुराच्या खालच्या रस्त्याने आलो. विमानही दुसऱ्या दिवशी रात्रीचं घेतलं होतं, कारण एकाहून जास्त डाइव्ह झाल्या की निदान १८ तास उड्डाण टाळायचं असतं.