जिन्याखालचं पिंप आणि आठवी ब

शाळेत जाऊन मुलांच्या हाताने बायोलॉजी करवून घ्यायची असं डोक्यात आलं तेव्हा मला वाटलेलं की मायक्रोस्कोप जमवणं हाच काय तो त्रास असेल. मी परळला एका लॅबमध्ये नोकरी करते, राहते चेंबूरला, आणि जवळच्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत ओळखीच्या एक विज्ञानाच्या बाई होत्या, त्या म्हणाल्या या ना, मुलांना आवडेल. झालं, मी जूनमध्ये तयारीला लागले.

शाळा म्हणाली वरून पत्र आणा. वरचे म्हणाले आधी शाळेचं संमतीपत्र आणा. मी दोन्हीकडे हेलपाटे घालतेय, हाफ डे टाकून, पावसात, आणि शेवटी तिथल्या एका क्लार्क काकांनीच हळूच सांगितलं, "अहो मॅडम, एकच अर्ज करा, दोघांच्या नावाने, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय इथून हलू नका." तो नंबर मिळाला आणि तीन आठवड्यांत काम झालं. कोणी हे करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि नंबर, बाकी तुमची तळमळ वगैरे कोणी विचारत नाही.

शाळेत मायक्रोस्कोप होते बरं का, दोन. कपाटात. कपाटाची चावी ज्या सरांकडे होती ते रिटायर झालेले. शिपाई मामांनी कुलूप फोडलं तर लेन्सवर बुरशी, मुंबईची हवा, दुसरं काय होणार. त्यातला एक पुसून चालू झाला. मग मी लॅबमधून एक मागून नेला, आणि सहा फोल्डस्कोप माझ्याकडे होते, तो कागदाचा घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि त्यांच्या टीमने काढलेला. 140 पट मोठं दिसतं आणि मॅग्नेटने मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटतो. हार्बर लाइनच्या गर्दीत काचेच्या स्लाइड्सचा डबा पोटाशी धरून प्रवास करण्यापेक्षा हे फार बरं.

पहिला तास सपशेल पडला आणि चूक माझीच होती. आठवी ब, 54 मुलं, तास 35 मिनिटांचा. मी सुरुवातच रॉबर्ट हूकपासून केली, 1665, बुचाचा काप, पेशी हा शब्द कसा आला, आणि त्यात वीस मिनिटं गेली. उरलेल्या वेळात कांद्याचा पापुद्रा, वर बीटाडीनचा थेंब, आणि आठ ठिकाणी धक्काबुक्की. शेवटच्या बाकांना काही दिसलंच नाही. एका मुलाने हवेचा बुडबुडा बघितला, जाड काळी कड असलेला गोल, आणि त्याला केंद्रक म्हणून नाव दिलं. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. वह्या बघितल्या तर जवळजवळ सगळ्यांनी पुस्तकातली आकृती काढलेली, तंतुकणिकेसकट (मायटोकाँड्रिया), जी त्या मायक्रोस्कोपमधून असल्या पापुद्र्यात दिसतच नाही! म्हणजे बघितलं एक आणि काढलं जे मार्क देतं ते.

मग बाईंनीच मार्ग काढला. कार्यानुभवाचा तास जोडून सलग सत्तर मिनिटं दिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका हो फार." ऐकलं. यावेळी मुलांनाच सांगितलं की घराजवळ साठलेलं पाणी बाटलीतून आणा, झाकण घट्ट लावून.

एका मुलीच्या बाटलीत डासांच्या अळ्या निघाल्या. एक अळी घड्याळकाचेत, खाली लाइट, वर फोन. पाठीवरून शेपटीकडे जाणाऱ्या दोन चंदेरी नळ्या दिसल्या, आणि पोटातलं काळं खाणं पुढे सरकताना दिसलं, तर अख्खा वर्ग किंचाळला. त्या नळ्या श्वासाच्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस आणि क्युलेक्स जातीच्या डासांच्या अळ्या शेपटीची नळी पाण्याच्या वर लावून डोकं खाली करून लटकतात, मलेरियाच्या ॲनोफिलीसला ती नळी नसते म्हणून ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. हे मी सांगायच्या आधीच एक जण म्हणाला, "टीचर, ही तर उलटी लटकलीये." बस, मला एवढंच हवं होतं.

पण पुढे तोच म्हणाला, "आपल्या जिन्याखालच्या पिंपात पण अशाच आहेत." सगळी वरात जिन्याखाली. होत्याच. मोठ्या बाई धावत आल्या, आधी म्हणाल्या फोटो काढू नका, कोणी पालिकेच्या कीटकनाशक विभागाला दाखवला तर नोटीस येईल. मीही जरा घाबरले, तीन आठवड्यांची परवानगी एका पिंपात जाते की काय. मामा पिंप ओतायला निघाले तर एका मुलीने विचारलं, कोरडा दिवस आठवड्यातून एकदाच का पाळायचा? मग तिथेच, ओल्या फरशीवर उभं राहून, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून त्याआधी पाणी ओतायचं. आणि नुसतं ओतून भागत नाही, एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात, त्यामुळे घासायचं. मामांनी ब्रश आणला. मोठ्या बाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, हे मला आवडलं.

दहा-बारा अळ्या आम्ही बरणीत ठेवल्या, तोंडाला ओढणीचा तुकडा आणि रबर. शुक्रवारी त्या स्टाफरूममध्ये राहिल्या, कोणीतरी रबर काढून डब्याला लावला, आणि सोमवारी बाईंचा फोन. मी सॉरी म्हणत होते आणि त्या हसत होत्या, एक शिक्षक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता जानेवारीत केळ्यातला डीएनए काढायचाय. मीठ, भांडी घासायचं लिक्विड, थंडगार स्पिरिट, पांढरे धागे वर येतात. पण स्पिरिट म्हटल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या की यासाठी वेगळा अर्ज लागेल. काल टाकला. नंबर घेतला.