आमची वाटचाल: आधी आवाज, मग पॉलिश

आम्ही फुल-रेंज स्पीकर बनवतो. एका पेटीत एकच ड्रायव्हर (मॅग्नेट आणि हलणारा पडदा असलेला, आवाज काढणारा भाग), आणि बासपासून ट्रेबलपर्यंत सगळा आवाज त्याच एका कागदी पडद्यातून. आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर मध्ये नसल्यामुळे माणसाचा गळा किंवा व्हायोलिन दोन ड्रायव्हरांत विभागलं जात नाही; ते एकाच जागेवरून, एकसंध येतं. याच गुणासाठी आम्ही हा प्रकार धरला. मात्र दोष झाकायलाही इथे काही नसतं. पेटीची फळी घुमली, सांध्यातून हवा गेली, ड्रायव्हरमागचं भोक अरुंद राहिलं, तर ते थेट गाण्यात ऐकू येतं.

आमच्या सुरुवातीच्या जोड्या आणि आजच्या जोड्या यांत सर्वांत मोठा फरक कामाच्या क्रमाचा आहे. पूर्वी पेटी जोडायची, व्हिनिअर (लाकडाचा पातळ शोभेचा पत्रा), पॉलिश, मग ड्रायव्हर बसवून ऐकायचं, असं चालायचं. तेव्हा दोष सापडला तरी तयार पेटीला पुन्हा पटाशी लावायला हात धजत नाही. आता कच्ची पेटी आधी वाजते, मोजली जाते, सुधारली जाते, आणि पॉलिश सगळ्यांत शेवटी. त्यासाठी मोजमापाच्या काळात मागची फळी सरसाने न चिकटवता फोमपट्टीवर स्क्रूने आवळून ठेवतो.

पेटीचं आकारमान अंदाजाने ठरवायचं नसतं. नेव्हिल थील यांचा १९६१ चा निबंध आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलेलं काम यांमुळे तीन आकडे हाती असले की पेटीचं गणित मांडता येतं: ड्रायव्हरची मूळ कंपनसंख्या एफएस, त्याचा एकूण क्यू (पडद्याची थरथर किती लवकर शमते याचा आकडा) म्हणजे क्यूटीएस, आणि पडद्याच्या लवचीकतेइतकी हवा म्हणजे व्हीएएस. समजा ४ इंची ड्रायव्हर आहे. एफएस ८५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस ६ लिटर. बंद पेटीत एकूण क्यू ०.७०७ ठेवायचा तर पेटी २.८ लिटरची येते, आणि बास १५० हर्ट्झलाच ३ डेसिबलने खाली येतो. गाणं कोरडं वाटतं. हाच ड्रायव्हर सुमारे ७ लिटरच्या, पोर्ट (बाहेर उघडणारी हवेची नळी) असलेल्या पेटीत घातला आणि पोर्ट ७५ हर्ट्झच्या आसपास जुळवला, तर तीच मर्यादा साधारण ८० हर्ट्झपर्यंत उतरते. त्या पेटीला ४ सेंटिमीटर आतील व्यासाची नळी सुमारे ६.६ सेंटिमीटर लांब लागते.

आम्ही ती ८ सेंटिमीटर कापतो. लांब नळी घासून कमी करता येते, आखूड वाढवता येत नाही. ड्रायव्हरसोबत आलेले आकडे आणि हातातला ड्रायव्हर यांत फरक पडतोच, म्हणून प्रत्येक नग मोजून घेतो आणि जवळच्या आकड्यांचे दोन नग एका जोडीत घालतो. मोजायला महागडं यंत्र लागत नाही: सिग्नल जनरेटर, ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, आणि ड्रायव्हरच्या दोन टोकांवर एसी व्होल्टमीटर. जनरेटरची कंपनसंख्या हळूहळू वाढवत व्होल्टेज टिपत जायचं. उघड्या ड्रायव्हरला व्होल्टेजचं एकच शिखर दिसतं, ती एफएस. पोर्टच्या पेटीत दोन शिखरं दिसतात आणि त्यांच्यामधली दरी जिथे पडते ती पोर्टची खरी कंपनसंख्या. दरी ६८ हर्ट्झवर आली तर नळी थोडी कापायची, पुन्हा मोजायचं. लिटरचा हिशेब करताना मॅग्नेट, नळी आणि आतल्या आधारपट्ट्या यांनी व्यापलेली जागा वेगळी धरावी लागते. लहान पेटीत अर्ध्या लिटरची चूकही पोर्टची कंपनसंख्या हलवते.

पोर्टची एक बाजू ग्राहकाला आधीच सांगावी लागते. जुळवलेल्या कंपनसंख्येच्या खाली पडद्यामागे हवेचा आधार राहत नाही, आणि तो मोकळा हलू लागतो. एवीतेवी कंपनसंख्या निम्मी झाली की त्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. म्हणून ४ इंची ड्रायव्हरकडून मोठ्या हॉलभर ढोलाचा ठोका मागू नये. तेवढंच हवं असेल तर १०० हर्ट्झखालचं काम वेगळ्या सबवूफरकडे द्यावं. पडद्यावरचा ताण जातो आणि गळाही मोकळा होतो.

पेटीच्या आकाराने आमचा बराच वेळ खाल्ला. आतली उंची ३० सेंटिमीटर असेल तर त्या दोन समांतर फळ्यांमध्ये ५७२ हर्ट्झची लाट उभी राहते, म्हणजे नेमकी गळ्याच्या पट्ट्यात. उंची, रुंदी, खोली सारखी असली की तिन्ही लाटा एकाच जागी पडतात, म्हणून घनाकृती पेटी आम्ही कधी करत नाही. कापसाचं म्हणाल तर फळीला चिकटवलेला पातळ नमदा अशा लाटेला फारसा रोखत नाही. फळीपाशी हवेची हालचाल जवळजवळ शून्य असते. ती पेटीच्या मध्यावर सर्वांत जास्त असते. तिथे सैल पिंजलेला पॉलिएस्टर कापूस हवा. आणि तो पोर्टच्या तोंडासमोर येता कामा नये, नाहीतर बासची दरी उथळ होते आणि पोर्ट नावापुरता उरतो.

आता पुढची फळी. फुल-रेंजमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीत ड्रायव्हरएवढंच गोल भोक पाडलं की पडद्यामागे बोगदा तयार होतो. ४ इंची ड्रायव्हरची मागची चौकट आधीच अरुंद. तिच्या खिडक्या लाकडाने झाकल्या जातात, हवा कोंडते आणि मध्यम स्वर नाकातून आल्यासारखे वाटतात. उपाय सोपा आहे: मागच्या बाजूने राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) ४५ अंशांत भोक रुंद करत न्यायचं. फक्त स्क्रू येतात तिथे पूर्ण जाडी सोडायची. पुढून ड्रायव्हरची कड फळीच्या पातळीत बसेल अशी खाच घ्यायची; खोली कडेच्या जाडीत दाबलेल्या गॅस्केटची (कडेखालच्या हवाबंद पट्टीची) जाडी मिळवून. खाच आधी, भोक नंतर. उलटं केलं तर राऊटरच्या मध्यखिळीला टेकायला जागाच उरत नाही.

फळीची रुंदी आवाजाचा तोल ठरवते. वरचे स्वर फळीवरून पुढे फेकले जातात, खालचे पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतात. ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागलं की हा बदल कुठे होतो ते कळतं. २० सेंटिमीटरच्या फळीला सुमारे ५७५ हर्ट्झ. सिद्धांताप्रमाणे फरक ६ डेसिबलचा, पण मागची भिंत काही परत देते, म्हणून आम्ही ४ डेसिबलच सुधारतो. ८ ओहमच्या ड्रायव्हरला ४.७ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर आणि १.३ मिलिहेन्रीची कॉइल एकमेकांना पॅरलल जोडून ती जोडी सिरीजमध्ये घालतो. भिंतीलगत ठेवायच्या जोडीला रेझिस्टर ३.३ ओहम पुरतो. ही सुधारणा फुकट नसते: वरचा पट्टा ४ डेसिबलने खाली आणूनच तोल साधलेला असतो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरची निवड तसा विचार करून करावी. ‘एकही पार्ट मध्ये नको’ असा हट्ट धरणारे भेटतात. त्या हट्टाने आवाज पातळ आणि किरकिरा राहतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लाकूड म्हणून आम्ही १८ मिलिमीटर बर्च प्लाय वापरतो, १३ थरांचा. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) हाही आवाजाला वाईट नाही, पण त्याच्या कडेत स्क्रू घातला की ती फाटते, आणि पेंट केल्यावर सांध्याची रेघ काही आठवड्यांनी वर उठते. कारण कड आणि पृष्ठभाग ओलावा वेगवेगळा पितात, आणि सरसातलं पाणी आटायलाही वेळ लागतो. एमडीएफ घ्यायचाच असेल तर जोडल्यावर दोन-तीन आठवडे पेटी तशीच ठेवावी, मग घासावी, कडांना पातळ शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्यावेत आणि नंतरच प्रायमर. घासताना मास्क हवाच. तो भुसा फार बारीक असतो.

जोडताना गुण्या लावून दोन्ही कर्ण मोजतो. फरक १ मिलिमीटरच्या आत हवा. सरस सांध्यातून सलग बाहेर दिसला पाहिजे. क्लॅम्प प्रमाणाबाहेर आवळला तर सगळा सरस बाहेर पडतो आणि सांधा कोरडा राहतो. आतल्या कोपऱ्यांतून सरसाची आणखी एक रेघ ओढतो. गळती तपासायला पोर्ट तात्पुरता बंद करून हलक्या आवाजात ४० हर्ट्झचा स्वर वाजवतो आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी प्रत्येक सांध्यावरून, वायर जोडायच्या टर्मिनलवरून, ड्रायव्हरच्या कडेवरून फिरवतो. जिथे ती थरथरते तिथे हवा जाते. बहुतेक वेळा गळती टर्मिनलच्या भोकात निघते.

हे सगळं पार पडलं की मागची फळी चिकटते आणि पॉलिशचं काम सुरू होतं. व्हिनिअरचे एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले पत्रे घेतो, म्हणजे दोन पेट्यांच्या रेघा आरशासारख्या जुळतात. दोन्ही पृष्ठभागांना सरस लावून, वाळवून, इस्त्रीने चिकटवण्याची पद्धत कडांना चालते. मधल्या जोडाला आम्ही ती टाळतो, कारण उष्णतेने व्हिनिअर आकसतं आणि पुढे जोड उघडतो. तिथे ओला सरस आणि सपाट दाब. घासणं १२०, १८०, २४० नंबरच्या पॉलिशपेपरने, अशा क्रमाने, नेहमी रेघेच्या दिशेने. प्लायवरचं व्हिनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, तेव्हा कडेवर मशीन चालवूच नये, हातानेच पॉलिशपेपर फिरवावा. पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा हलका स्पर्श. पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून कच्चं असतं. त्या अवस्थेत रबरी पाय लावले तर त्यांचा कायमचा डाग उमटतो.

ड्रायव्हर अगदी शेवटी, पेटीतला भुसा व्हॅक्यूमने काढून. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हरचं टोक खेचून घेतो आणि ते पडद्यात घुसतं, म्हणून एक हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा पडद्यावर धरून काम करायचं. बोल्ट धरायला मागून ठोकलेल्या टी-नटपेक्षा लाकडात फिरवून बसवलेला आट्यांचा पितळी इन्सर्ट बरा, तो मागे निसटत नाही. बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे, हातानेच आवळायचे. जोर लावला तर चौकट पिळते आणि व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) घासू लागते. मंद आवाजातल्या ५० हर्ट्झच्या स्वरावर ती खरखर स्पष्ट कळते. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही पडदे एकाच वेळी बाहेर येतात का, ते पाहतो.

प्रत्येक जोडीसोबत जाणाऱ्या कागदावर दोन सूचना असतात. ४ इंची पडदा साधारण ४ किलोहर्ट्झच्या वर आवाज सरळ पुढे फेकतो, म्हणून स्पीकर थेट कानावर न रोखता सुमारे १५ अंश बाजूला वळवून ऐकावेत. आणि दोन-तीन महिन्यांनी गॅस्केट दबून बसलं की ड्रायव्हरचे बोल्ट पाव फेरा आवळावेत, त्याहून जास्त नाही.