मागच्या रांगेतले चौघे

मी बारा वर्षं ऱ्हिदम गिटार, म्हणजे साथीची गिटार, वाजवली. दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर, रात्री ऑर्केस्ट्रात. गायकाचा फोटो पोस्टरवर, गिटारवर चाल वाजवणाऱ्या लीडवाल्याला शिट्ट्या, आणि ऱ्हिदमवाला थांबला तरच कुणाला तरी जाणवतं की गाण्यातलं काहीतरी गेलं. म्हणून ‘द शॅडोज’ हा इंग्लंडचा गिटारवाल्यांचा बँड माझ्या इतका जवळचा.

पहिल्यांदा ऐकले ते राजारामपुरीत, थोरल्या मामांकडे. मी दहावीत होतो. मामांनी मुंबईहून एक जुनी छोटी रेकॉर्ड आणली होती, ‘अपाची’. सुई टेकली, आधी खोल घुमणारे ठोके आणि मग गिटार. शब्द एकही नाही. इंग्रजी गाणी मला कळायची नाहीत, इथं तर गिटारच गात होती. मामांनी तीनदा लावली. चौथ्यांदा हात गेला तशी मामी म्हणाली, “अवो, पोराला जेवू तरी द्या!”

हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च ही न्यूकॅसलची शाळकरी जोडी. सोळाव्या वर्षी, १९५८ साली, गिटारी घेऊन लंडनला आली आणि त्याच वर्षी गायक क्लिफ रिचर्डच्या मागं साथीला उभी राहिली. (क्लिफचा जन्म १९४० चा, आपल्या लखनौचा.) तेव्हा त्यांचं नाव होतं ‘ड्रिफ्टर्स’. अमेरिकेत त्या नावाचा बँड आधीच असल्यानं १९५९ मध्ये बदलावं लागलं. नवं नाव सुचवलं बेस वाजवणाऱ्या जेट हॅरिसनं, शॅडोज. सावल्या. साथीदारांना याहून नेमकं नाव मला तरी सुचणार नाही.

‘अपाची’ ही जेरी लॉर्डनची चाल. दौऱ्यावर असताना त्यानं ती युकेलेलीवर, म्हणजे छोट्या चार तारी गिटारीवर, वाजवून दाखवली. रेकॉर्डिंग झालं जून १९६० मध्ये, अॅबे रोड स्टुडिओत. हँककडं लाल स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार होती, क्लिफनं अमेरिकेहून मागवलेली. ब्रूसनं ऱ्हिदमला अकूस्टिक, म्हणजे साधी बिनविजेची गिटार, वाजवली, तीही क्लिफकडनं उसनी घेतलेली. आणि ते सुरुवातीचे घुमणारे ठोके? ते खुद्द क्लिफनं वाजवलेत, एका चिनी ढोलावर. निर्माते नॉरी पॅरामोर यांना रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं गाणं जास्त आवडलं होतं. त्यांच्या लेकीला ‘अपाची’ आवडली, तेव्हा कुठं ती पुढं आली.

ऑगस्टमध्ये ती इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेली आणि पाच आठवडे हलली नाही. तिनं खाली ओढलं कुणाला? क्लिफच्याच ‘प्लीज डोन्ट टीज’ला. त्या गाण्यातही हेच चौघे, हँक, ब्रूस, जेट आणि ड्रमवाला टोनी मीहन, वाजवतायत, आणि ते ब्रूसनं एका मित्राबरोबर लिहिलेलं. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

ब्रूसचा तो ऱ्हिदम मी सुई उचलून उचलून शिकलो. ए मायनर हा स्वरमेळ सगळ्या तारा दाबून धरायचा, उजवं मनगट सैल सोडायचं, तारा वाजल्या की डाव्या बोटांची पकड किंचित ढिली करायची. बोटं तारांवरच, फक्त दाब काढायचा. आवाज तिथंच तुटतो आणि घोड्याच्या टापा ऐकू येतात. दाब उशिरा काढला की घोडं लंगडतं. मला हे जमायला चार महिने लागले, आणि लेथच्या कामानं बोटं आधीच राठ झाली होती म्हणून चारच.

पुढं ‘कॉन-टिकी’, मग १९६२ चं ‘वंडरफुल लँड’, तब्बल आठ आठवडे पहिलं. १९६३ मध्ये ‘डान्स ऑन!’ आणि ‘फूट टॅपर’. ‘डान्स ऑन!’ला हटवणारी रेकॉर्डही घरच्याच माणसांची, बँड सोडून गेलेल्या जेट हॅरिस आणि ड्रमवाल्या टोनी मीहनची. नंतर बीटल्सचं वारं आलं, पहिला नंबर पुन्हा मिळाला नाही. १९६८ अखेर बँड मोडला. सत्तरच्या दशकात परत जमले तेव्हाही त्यांची गाणी चालली, पण माझा जीव अडकलाय तो पहिल्या तीन वर्षांत.

आमचं एक सांगतो. १९८६ चा गणेशोत्सव, एका तालीम मंडळाचा कार्यक्रम. आदल्या वर्षी तिथंच निवेदकानं सगळ्यांची नावं घेतली होती, माझं तेवढं राहिलं होतं. फार लागलं होतं ते. यंदा मी हट्टानं म्हटलं, सुरुवात ‘अपाची’नं करायची. लीडवाला तयार झाला. आमचा गायक म्हणाला, “आन् मी काय करू रं?”

मी ड्रमवाल्याकडचा मोठा टॉम, म्हणजे जाड आवाजाचा ढोल, सोडवला आणि गायकाच्या हातात काठ्या दिल्या. क्लिफची गोष्ट तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. पडदा सरकला. आमचा गायक स्टेजच्या कोपऱ्यात, खाली मान घालून, मोजून ठोके देत होता, आणि माईकजवळ मी उभा होतो, ए मायनर धरून.