दोनदा बदललेलं ॲक्सलचं सील आणि चिखलानं बुजलेला ब्रीदर

झालं असं की गणपतीच्या दोन दिवस आधी टोमॅटो भरून वाशीला निघायची गडबड चालू होती, अण्णा सवयीप्रमाणे गाडीला एक वळसा मारत होते आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबले. "हे ओलं कशानं रे?" टायरच्या आतल्या अंगाला काळपट पट्टा, त्यावर धूळ बसून लगदा झालेला. मी म्हटलं ओढ्याचं पाणी असेल, आमच्या मळ्यातून गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागायचं तर पावसाळाभर ओढ्यातूनच यावं लागतं. पण बोट लावलं तर चिकट, दाट, आणि वास एकदम उग्र, गंधकासारखा. हा वास ओळखून ठेवा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि गळायला लागलं की त्याच्या डबीतली लेव्हल उतरते, हे डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं, गिअर ऑइल होतं. म्हणजे ॲक्सलचं सील गेलं, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीची ऑइल आत अडवणारी रबरी कडी.

माल भरलेला, बाजार चुकेल म्हणून तसाच निघालो. हे मी करायला नको होतं, आजही वाटतं. कसारा घाटात पाऊस, धुकं, पुढे कंटेनर, आणि पेडल दाबलं की गाडी उजवीकडे ओढतेय, डाव्या चाकाकडून जळका वास. कारण साधं आहे, सीलमधून सुटलेलं ऑइल बाहेर यायच्या आधी ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, भिजतात, त्या चाकाला ब्रेकच राहत नाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत खाली उतरवली.

परत आल्यावर हायवेच्या एका गॅरेजला सील बदललं, तासाभरात काम झालं, लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवले. तीन आठवडे बरं चाललं. नंतर पुन्हा तोच पट्टा, तेच चाक.

मग ओळखीतल्या एकाने नाशिकात द्वारकेच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे पाठवलं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. गाडी गरम होती, चाचांनी चाकाला हातच लावला नाही, आधी गाडीखाली सरकले आणि हाऊसिंगचा, म्हणजे डिफरन्शियल आणि ॲक्सल ज्यात बसतात त्या लोखंडी कवचाचा, ऑइल भरायचा प्लग सैल केला. फुस्स करून हवा सुटली, मला बाहेर उभं राहून ऐकू आली. "सील देतो बदलून भाऊ, पण आधी खाली ये, हे बघ." हाऊसिंगच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो, हवा जायची टोपी, आमचा तर दिसतच नव्हता, काळ्या मातीचा गोळा वाळून दगड झालेला, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागला.

आता गंमत बघा कशी आहे, गाडी भरलेली चालली की आतलं ऑइल आणि हवा तापते, हवा फुगते, ती ब्रीदरमधून निघून जायला पाहिजे. तिथे बूच बसलं की ती सीलच्या ओठावर, म्हणजे दांड्याला घासणाऱ्या आतल्या कडेवर, जोर करते आणि ऑइलला घेऊनच बाहेर पडते. आणि उलटंही होतं, तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि त्याच ओठातून पाणी आत ओढते. आमचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहाच्या रंगाचं. त्या ऑइलवर आणखी महिनाभर फिरलो असतो तर बेअरिंग आणि क्राऊन पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधले मुख्य गिअर, दोन्ही गेले असते, आणि त्याचा खर्च ऐकला की झोप उडते. सील तर बाजार बरा असेल तेव्हा एका क्रेटच्या पैशात येतं.

ॲक्सल बाहेर ओढल्यावर चाचांनी सील जिथे घासतं तिथे नख फिरवायला लावलं. नख अडकलं तर खाच पडलीये समजायचं, मग नवं सीलही टिकत नाही. आमच्या शाफ्टवर नख सरकलं, तरी त्यांनी बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून मारला, लांबीत नाही, कारण लांबीत ओरखडा गेला तर त्यातूनच ऑइल वाट काढतं. बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का तेही हलवून बघितलं. आधीच्या ठिकाणी लावलेलं सील हातात घेतलं तर एका बाजूने चेपलेलं, ओठामागची बारीक गोल स्प्रिंग जागेवरून सुटलेली. सरळ हातोडीने ठोकलेलं. चाचांनी नव्या सीलच्या ओठाला आधी ऑइल लावलं, स्प्रिंगची बाजू आत, जिकडे ऑइल तिकडे, आणि मापाच्या पाइपाच्या तुकड्याने चारी बाजूंनी हळूहळू सारखं बसवलं. ॲक्सल आत घालताना मी दुसऱ्या टोकाला धरून उभा होतो, त्याचं वजन ओठावर टेकू द्यायचं नाही म्हणून.

लायनर मात्र दोन्ही चाकांचे नवे टाकले. ऑइल प्यायलेला लायनर कितीही धुवा, जाळा, घाटात तापला की परत ऑइल सोडतो, आणि एकाच बाजूला नवा टाकला तर गाडी ओढणारच. ऑइल भरताना गाडी सपाट जागेवर घेतली, भोकाच्या खालच्या कडेला आलं की बंद. बरेच जण थोडं जास्तच टाकतात, तेही सीलवर येतं.

शेवटी ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड खाली वाकवून पार चॅसिसच्या वरच्या पट्टीला बांधलं, ओढ्याचं पाणी तिथवर येत नाही. तुमचीही गाडी रानातून, चिखलातून जात असेल तर हे एवढं करून घ्याच, नाहीतर निदान महिन्यातून एकदा ब्रीदरची टोपी बोटाने हलते का बघा.

काल वाशीहून रिकामी गाडी घेऊन येताना घोटीला चहाला थांबलो, दोन्ही मागच्या टायरच्या आतून हात फिरवला. हाताला धूळ लागली, कोरडी.