मरडीहळ्ळीचे लोड

चित्रदुर्गचा किल्ला दोन दिवस पाहिला. गर्दीने जीव नकोसा झाला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहितोय ते मरडीहळ्ळीच्या दगडांबद्दल.

शहरापासून साधारण १६ किलोमीटर, आग्नेयेला. भूशास्त्र शिकवणारा मित्र म्हणाला, "सोन्याच्या पट्ट्यातला खडक दाखवतो," म्हणून मी ऊन खायला तयार झालो. हाच पट्टा उत्तरेला गदगपर्यंत जातो, तिथे सोन्याच्या जुन्या खाणी आहेत. इथे मात्र हिरवट काळे दगड. "यासाठी आणलंस?" असं तोंडातून गेलंच.

त्याने मला उकिडवं बसवलं. मग दिसलं. लग्नघरात लोड रचून ठेवावेत तसे दगड, एकाला एक खेटून. प्रत्येकाची एक बाजू फुगीर, दुसरीला शेपटी, शेजारच्या दोघांच्या फटीत घुसलेली. समुद्रतळावर लाव्हा आला की पाण्याने त्याची साल लगेच गोठते, आत पातळच राहतो. साल फाटते, पुढचा गोळा बाहेर येतो आणि मऊ असतानाच आधीच्यांवर बसतो. शेपटी जिकडे, तिकडे तेव्हाचा तळ. ही गोष्ट २५० कोटी वर्षांपूर्वीची. सह्याद्रीतला बेसॉल्ट ६.६ कोटींचा, म्हणजे कालचं पोर.

"हा ज्वालामुखी होता कुठला?" इथे मित्र खुलला. दगडातल्या सोडियम, पोटॅशियमची साक्ष धरायची नाही, ती पाण्याबरोबर निघून जातात. थोरियम, नायोबियम ही मूलद्रव्यं सहसा जागा सोडत नाहीत. थोरियमच्या मानाने नायोबियम फारच कमी निघालं, तर एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, दुसऱ्याखाली घुसतो तिथला लाव्हा असावा. पण वर येताना जुनं कवच त्यात विरघळलं तरी आकडे तसेच येतात! त्यामुळे दुसरा पक्ष खोलातून वर आलेल्या तप्त प्रवाहाचं नाव घेतो. भांडण मिटलेलं नाही.

आणि सोनं? ते नंतर आलं. भेगांतून खोलचं गरम पाणी चढलं, त्यात सोनं गंधकाच्या आधाराने विरघळलेलं. या खडकांत लोह भरपूर. लोहाने गंधक ओढून पायराइट केलं, सोन्याचा आधार सुटला, ते तिथेच बसलं.

सुटा पडलेला एक तुकडा मी खिशात टाकला होता. मित्राने काही न बोलता हात पुढे केला. मुकाट्याने परत ठेवला.

मोबाईल जमिनीकडे धरून काढलेले सगळे फोटो आडवेतिडवे आलेत. शेपट्या बघून एकेक सरळ करत बसलोय.