बदामी ते ऐहोळे, पायी

कर्नाटकात बदामीजवळची बनशंकरी आमच्या सासरचं कुलदैवत. लग्न झाल्यापासून तिथे जाणं म्हणजे ठरलेला कार्यक्रम: भाड्याची गाडी, ओटी, अभिषेक, देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून ज्वारीची भाकरी, दही आणि लाल मिरचीचा ठेचा. मग पाच किलोमीटरवरची बदामीची लेणी उरकायची, पट्टदकलला अर्धा तास द्यायचा आणि 'उजेड असला तर' ऐहोळे. उजेड कधीच नसायचा.

यंदा मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "आपण दोघीच जाऊ. देवीचं दर्शन झालं की पुढचं सगळं पायी." ताई सोलापूरच्या. मोडकं का होईना, पण कन्नड बोलतात आणि साठी उलटल्यावरही वर्षातून दोन-तीन किल्ले करतात. मला नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

आधी तयारीचं सांगते, कारण सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाची इथे वेगळीच गंमत होते. चढ म्हणावा असा चढच नाही. बदामीच्या कड्यांवर जायच्या पायऱ्या सोडल्या तर सगळा माळ. त्रास होतो तो उन्हाचा. झाड दिसलं की थांबायचं हा नियम करायला जावं, तर झाड दिसत नाही. मार्च ते मे इथे पायी फिरण्याचा विचारही करू नका आणि पावसाळ्यात काळ्या रानातली वाट बुटाला किलोकिलोने चिकटते. आम्ही मार्गशीर्षात गेलो. पौषात, शाकंभरी पौर्णिमेला बनशंकरीची मोठी जत्रा भरते आणि त्या दिवसांत बदामीत खोली मिळणं मुश्किल, म्हणून त्याआधी. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे, आणि माकडांमुळे चेन नीट लागणारी सॅक. बदामीची माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी ओळखतात; खाऊ पिशवीत घेऊन लेण्यांकडे जाणं म्हणजे त्यांना आमंत्रणच.

मुक्काम बदामीत ठेवला. पट्टदकलला राहायची धड सोय नाही, म्हणून जड सामान लॉजवर ठेवायचं, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी एसटीने परत यायचं, असं ठरवलं. (तिथल्या लाल बसलाही आम्ही एसटीच म्हणत होतो. कंडक्टरला काही वाटलं नाही.)

बदामी म्हणजे जुनी वातापी, चालुक्य राजांची राजधानी. पहिल्या पुलकेशीने 543 साली इथल्या कड्यावर किल्ला बांधला, तसा लेखच आहे. तिसऱ्या लेण्यातला मंगलेशाचा लेख शके 500 म्हणजे इसवी सन 578 चा. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी पुढे जाते.

पुढचा टप्पा महाकूट, जुन्या देवळांचा समूह. तिथे रस्त्याने गेलं तर वळसा पडतो. डोंगरातून जुनी पायवाट आहे, दीड-दोन तासांची. वाटेवर पाट्यांचा भरवसा धरू नये, माणसांना विचारावं. ताईंनी शेळ्या घेऊन निघालेल्या एका आजोबांना विचारलं, "महाकूटक्क दारी?" त्यांनी काठीने डोंगराची खाच दाखवली, "हिंग सीदा होग्री" (असंच सरळ जा) म्हणाले आणि आमच्या पायातले बूट बघून हसले. ते स्वतः चपलेत होते.

वाट खुरट्या झुडपांतून जाते. दगड तांबूस, आडव्या थरांचा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्याला हा दगड आधी कच्चाच वाटतो. वालुकाश्म तो, पाचर ठोकली की थराबरोबर फुटतो आणि सपाट फरशी हातात येते. एका खडकावर ओळीने चौकोनी खाचा होत्या, बोटाची दोन पेरं आत जातील इतक्या खोल. बाजूचा अर्धा खडक सरळ रेषेत तुटलेला. कुणीतरी इथून दगड काढून नेला होता. कधी, ते खाचा बघून सांगता येत नाही. काल असेल, तेराशे वर्षांपूर्वी असेल. ताई त्यात बोट घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हे लक्षात ठेव हं, पुढे लागेल." लागलंच.

महाकूटाला वाट वरून फरसबंद पायऱ्यांनी उतरते आणि समोर जुना दरवाजा येतो, दोन्ही बाजूंना हाडांचे सापळे कोरलेले. वातापी आणि इल्वल या राक्षसांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: एकाने बोकड व्हायचं, दुसऱ्याने ते पाहुण्याला रांधून वाढायचं, मग पोट फाडून बाहेर यायचं. अगस्तींनी जेवून पोटावरून हात फिरवला आणि 'वातापि जीर्णो भव' म्हणाले. माझे सासरे अजून जड जेवणानंतर हेच म्हणतात. तो प्रसंग या मुलखातला मानतात. गाडीने आलं की आपण दुसऱ्या बाजूने आत शिरतो आणि हा दरवाजा बघायचा राहतो. मला इतक्या वर्षांत तो माहीतच नव्हता.

आत वडाच्या सावलीत लहान-मोठी देवळं आणि मधोमध झऱ्याच्या पाण्याचं कुंड. पोरं सूर मारत होती, बायका काठावर धुणं वाळत घालत होत्या, आणि कुंडातच, पाण्याला लागून, चतुर्मुख लिंगाची छत्री. एका बाईने आमचे लालबुंद चेहरे बघून विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवलात का? इथे ओळख नसली तरी पहिला प्रश्न हाच. त्यांच्या अंगावर इरकल होतं आणि चोळी गुळेदगुड्डच्या खणाची. तेच लुगडं आणि तोच खण माझ्या आजीचा. गुळेदगुड्ड इथून जवळच. भाषा सोडली तर मुलूख परका वाटत नाही.

तिथून नंदिकेश्वर गावावरून पट्टदकल दहा-बारा किलोमीटर. हा टप्पा रटाळ आहे, स्पष्टच सांगते. डांबरी रस्ता, ऊन, मधूनच उसाचा ट्रॅक्टर. कुत्री मात्र त्रास देत नाहीत. खाली वाकल्यासारखं केलं की जातात.

पट्टदकल लांबून दिसत नाही. मलप्रभेच्या काठी सखल जागेत आहे, म्हणून 2019 च्या पुरात या देवळांत पाणी शिरलं होतं. आठव्या शतकात इथे चालुक्य राजांना राज्याभिषेक व्हायचा. विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली त्याची आठवण म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिने विरूपाक्षाचं देऊळ बांधवलं, आणि शेजारचं मल्लिकार्जुन दुसरी राणी त्रैलोक्यमहादेवी हिने. सख्ख्या बहिणी होत्या म्हणतात. ताई म्हणाल्या, "एकाच घरात दिल्यावर बहिणींत सुद्धा चुरस." विरूपाक्षाच्या लेखात कारागिरांची नावं आहेत, गुंड अनिवारिताचारी आणि सर्वसिद्धी आचारी. आपल्या वेरूळच्या कैलासाची कल्पना या देवळावरून घेतली असं अभ्यासक मानतात, आणि नंदीमंडपापासून शिखराकडे बघत उभं राहिलं की ते पटतं. चालून आलेल्याला एक फायदा होतो: फोटो काढायचं त्राण नसतं. तासभर खांबाला टेकून बसलं की डोळ्यांना हळूहळू रामायणातले प्रसंग दिसायला लागतात.

बदामीला परतायची शेवटची बस किती वाजता हे देवळात शिरण्याआधी दोन-तीन दुकानदारांना विचारून घ्या. आम्हाला तिघांनी तीन वेळा सांगितल्या. सगळ्यात लवकरची धरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत पट्टदकल आणि तिथून पुढे चाल.

पट्टदकल ते ऐहोळे 13-14 किलोमीटर, आणि हा टप्पा सगळ्यात देखणा. नदी कधी जवळ येते, कधी लांब जाते. निसवलेली ज्वारी, सूर्यफूल, तुरी. बांधावर काट्यांच्या कुंपणाऐवजी तांबड्या फरश्या उभ्या रोवलेल्या. एका मळ्यात गोठा होता: तीन बाजूंना उभ्या फरश्या, वर आडव्या. फरशीच्या जोडावर दगडाचीच अरुंद पट्टी, पाणी गळू नये म्हणून. आत म्हैस. मालकाने पाणी दिलं, वर ताकही. ताई गोठ्याचं छप्पर इतक्या निरखून बघत होत्या की त्याला वाटलं म्हैस घ्यायला आलोय.

ऐहोळ्यात लाडखान देवळाचं छप्पर बघितलं तेव्हा मी मोठ्याने हसले. उतरत्या फरश्या, आणि प्रत्येक जोडावर दगडी पट्टी. (हे देऊळ पूर्वी लाडखान नावाच्या गृहस्थाचं राहतं घर होतं, म्हणून तेच नाव पडलं.) सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की हे लाकडी घराचं दगडातलं रूप. असेलही. पण दोन दिवस त्या रानातून चालल्यावर मला वाटतं की दगड फरशीचाच निघतो, मग माणूस दुसरं काय करणार? गाडीतून उतरून बघणाऱ्याला बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही तीन संग्रहालयं वाटतात. मधलं रान तुडवलं की तो सगळा एकच कारखाना दिसतो, आणि तो अजून पुरता बंद पडलेला नाही.

ऐहोळ्यात शंभराच्या वर देवळं आहेत आणि कित्येक घरांच्या भिंतीला भिंत लावून. दुर्ग मंदिर, ज्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, सगळे बघतातच. दुर्ग म्हणजे इथे किल्ला, देवी नव्हे. कुंकू घेऊन जाणाऱ्या मंडळींची निराशा होते. आम्ही उन्हं कलल्यावर मेगुटीच्या टेकडीवर गेलो. वाटेत अर्ध्यावर दुमजली बौद्ध मंदिर, वर जैन देऊळ, अपुरं राहिलेलं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारी कवीचा, रविकीर्तीचा लेख आहे, शके 556 चा, म्हणजे 634-35. यात पुलकेशीने उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवल्याचं वर्णन आहे, रविकीर्तीने स्वतःला कालिदास-भारवींच्या पंगतीला बसवलं आहे (हौस दांडगी!), आणि पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असंही म्हटलं आहे. अक्षरं बोटाच्या पेराएवढी, दाट, कोरीव. मला एकही वाचता आलं नाही, तरी कुठेतरी यात आपलं नाव लिहिलंय म्हणून पुन्हा पुन्हा वरून खाली बघत होते.

देवळामागे माळावर आणखी एक गोष्ट आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. तीन-चार फरश्या उभ्या, वर एक मोठी आडवी. महापाषाणयुगातली दफनं, चालुक्यांच्याही कितीतरी आधीची. एक नाही, बऱ्याच आहेत, झुडपांत विखुरलेल्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गोठा." त्या म्हणाल्या, "मग? सांगितलं होतं ना, लक्षात ठेव."

जाणाऱ्यांसाठी थोडं. बदामी आणि ऐहोळे इथली पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्या हिशेबाने वार ठरवा. फक्त एकच टप्पा जमणार असेल तर पट्टदकल-ऐहोळे चाला, महाकूटाला रिक्षाने जा, पण डोंगराकडच्या दरवाजापर्यंत चढून या. बायका-बायकांनी जायला आम्हाला कुठेही अडचण आली नाही. अंधाराआधी मुक्कामी पोचायचं एवढं पाळलं. ऐहोळेहून बदामीला उलटं यायची गरज नाही, सामान बरोबर असेल तर अमीनगडची बस पकडा. तिथे करदंट मिळतं, डिंक आणि सुक्या मेव्याचं. सोलापूरपर्यंत उरवायचं असेल तर दोन डबे घ्या. अमीनगडहून बागलकोट, आणि बागलकोटहून विजापूर-सोलापूरची रेल्वे.